हुर्घाडा, नाताळची सुट्टी: चौघांची सहल आणि त्यात डायव्हिंग, क्रम कसा लावावा?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. २० ते ३१ डिसेंबर इजिप्तला जायचं नक्की झालंय. आम्ही चौघं: मी, बायको, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे वडील. डायव्हिंग फक्त मी करतो. तारकर्लीला ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलंय, एकूण १४ डाइव्ह झाल्यात. बायकोला पोहता येत नाही, मुलगी उत्तम पोहते, वडिलांना बीपीची गोळी चालू आहे.

आखणी अशी आहे: कैरो ३ रात्री, मग तांबड्या समुद्राकाठचं हुर्घाडा ४ रात्री, तिथून गाडीने लक्सर ३ रात्री आणि लक्सरहून कैरोमार्गे मुंबई. हुर्घाड्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ पर्यंत दोन डाइव्ह करून लगेच लक्सरला निघायचं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गरम हवेच्या बलूनमध्ये बसायचं.

प्रश्न असे:
१. हा क्रम ठीक आहे का?
२. थिसलगॉर्म आणि कर्नाटिक ही दोन बुडालेली जहाजं बघायची आहेत. कर्नाटिक मुंबईला निघालं होतं म्हणून त्याची जास्त ओढ आहे. जमेल का?
३. माझा ३ मिमी वेटसूट आहे, पुरेल का? बाकी काय भाड्याने घ्यावं?
४. बायको आणि वडील शुद्ध शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. बोटीवर आणि गावात काय मिळेल?

---

सात_वाव

क्रम ठीक नाही. तो आधी बदला, बाकीचं नंतर बघू.

दुपारी ३ ला दुसरी डाइव्ह संपली आणि पहाटे ६ ला बलून वर गेला, तर मध्ये १५ तास होतात. सलग काही दिवस रोज एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास कोरडे जायला हवेत, आणि बहुतेक डायव्हिंग केंद्रं सरळ २४ तास सांगतात. (एकच साधी डाइव्ह असेल तर १२.) अंगात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो. तो निघायच्या आत बाहेरचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. बलून विमानाइतका उंच जात नाही हे खरं, पण तो किती वर न्यायचा हे वारा आणि चालक ठरवतात, आपण नाही. शिवाय हुर्घाडा ते लक्सर हा जवळजवळ ३०० किमीचा रस्ता सफागावरून डोंगरातून केनाकडे उतरतो. म्हणजे डाइव्ह संपल्यावर दोन तासांत तुम्ही चढावर असाल.

उलटा क्रम लावा:

कैरो ३ रात्री, लक्सर २ रात्री (बलून इथेच उरकेल), गाडीने हुर्घाडा, तिथे ५ रात्री, मग विमानाने कैरो १ रात्र आणि परत. हुर्घाडा–कैरो विमान तासाभराचंच आहे. हुर्घाड्यातल्या पाच रात्रींमध्ये डाइव्हचे दिवस चार मिळतात. पाचवा दिवस कोरडा ठेवा आणि विमान त्या संध्याकाळचं घ्या. चार दिवसांतला एक वाऱ्यासाठी राखीव समजा. तो आधीच खर्चात धरला की बोट रद्द झाल्यावर जीव खाली-वर होत नाही.

---

खडपातला_मासा

जहाजांबद्दल.

थिसलगॉर्म ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांनी बुडवलं. ते ३० मीटरवर, सुएझच्या आखाताच्या तोंडाशी आहे. आत मोटारसायकली आणि लष्करी ट्रक अजून रांगेत उभे आहेत. पण हुर्घाड्याहून पहाटे अंधारात निघावं लागतं आणि एका बाजूला चार-एक तास उघड्या समुद्रात जातात. तिथे प्रवाह जोरकस असतो, दोरी धरून उतरायचं आणि दोरी धरूनच वर यायचं. १४ डाइव्हवर याचं नाव काढू नका.

कर्नाटिक मात्र जमू शकतं. पी अँड ओ कंपनीचं हे जहाज सप्टेंबर १८६९ मध्ये सुएझहून मुंबईला निघालं होतं. सुएझ कालवा उघडायला अजून दोन महिने होते (१७ नोव्हेंबर १८६९), म्हणून माल आणि माणसं अलेक्झांड्रियाहून जमिनीवरून सुएझला येत आणि तिथे या जहाजात चढत. पोटात कापसाचे गठ्ठे, तांब्याचे पत्रे, टपाल आणि हिंदुस्थानातल्या टांकसाळीसाठी ४०,००० पौंडांचं सोनं होतं. १३ तारखेच्या पहाटे ते अबू नुहासच्या खडकावर चढलं. दुसरं जहाज येईल या आशेवर कप्तानाने माणसं चढवूनच ठेवली, १४ ला सकाळी जहाज दुभंगलं आणि ३१ जण गेले. सोनं पुढे पाणबुड्यांनी काढलं. अरबीत नुहास म्हणजे तांबं, खडकाचं नाव त्याचीच आठवण.

आता व्यवहाराचं. जहाज डाव्या कुशीवर आडवं आहे, तळ सुमारे २७ मीटरवर. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, म्हणजे तुम्ही वरून सावली बघून परत याल. म्हणून पहिल्या दोन दिवसांत पुढचा, ॲडव्हान्स्ड कोर्स करून टाका. त्यात पाच डाइव्ह असतात: खोल पाण्याची आणि दिशाशोधनाची सक्तीची, तीन निवडीच्या. निवडीत तरंगण्यावरच्या ताब्याची डाइव्ह नक्की घ्या, ती इथे सगळ्यात उपयोगी पडते. पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी अबू नुहास. वारा आडवा आला तर चौथ्या.

अबू नुहासला चार मोठी जहाजं शेजारी-शेजारी आहेत आणि चारही खडकाच्या उत्तर बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. बोट दक्षिणेच्या आडोशाला बांधतात आणि रबरी होडीने तुम्हाला वळसा घालून नेतात. होडीच्या काठावर बसायचं, बीसीडीतली (हवा भरून तरंगायच्या जाकिटातली) हवा आधीच काढलेली, तीन म्हटलं की सगळे एकदम पाठीवर पाण्यात आणि लगेच खाली. पृष्ठभागावर रेंगाळलात तर लाट खडकाकडे लोटते. परतताना उलट: ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, तिथूनच सिग्नलचा फुगा वर सोडायचा आणि होडी दिसली की मगच डोकं बाहेर काढायचं. हा फुगा सोडायचा सराव पहिल्या दोन दिवसांत दोनदा तरी करून घ्या. रीळ हातातून सुटलं किंवा दोरी बीसीडीत अडकली तर फुगा तुम्हालाच वर खेचतो.

कर्नाटिकच्या लाकडी फळ्या कधीच कुजून गेल्या, लोखंडी फासळ्या तेवढ्या राहिल्या. त्यांच्यामधून उजेडाच्या पट्ट्या आत पडतात आणि त्या उजेडात काचेसारखे पारदर्शक, बोटभर लांबीचे मासे हजारोंनी तरंगत असतात. तुम्ही पुढे सरकलात की पडदा फाटल्यासारखे दोन बाजूंना होतात आणि मागे पुन्हा जुळतात. हे बाहेरूनही नीट दिसतं, आत शिरायची गरज नाही.

दुसरी डाइव्ह बहुधा यानिस डी वर होते (१९८३, लाकूड नेणारं ग्रीक जहाज). त्याचा मागचा भाग बराच कललेला आहे. इंजिनच्या खोलीत गेलं की डोळे जमीन तिरकी सांगतात, बुडबुडे सरळ वर जातात आणि कान तिसरंच काही सांगतो. नवख्याला तिथे गरगरतं. मार्गदर्शक "चला आत" म्हणाला तरी नाही म्हणा, हाताची खूण पुरते.

---

वजनकाटा

३ मिमी डिसेंबरअखेर पुरणार नाही. पाणी २३-२४ अंशांवर आलेलं असतं. पहिली डाइव्ह निभावते, दुसरीला पंचविसाव्या मिनिटाला दात वाजायला लागतात. थंडीत हवाही जास्त लागते, म्हणजे डाइव्ह आखूड. ५ मिमीचा पूर्ण सूट आणि डोक्याला हूड भाड्याने घ्या. तुमचा ३ मिमी घरीच ठेवा, बॅगेतलं वजन वाचेल. खरी थंडी पाण्याबाहेर, ओल्या अंगावर उत्तरेचा वारा बसतो तेव्हा लागते. कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट बोटीवर हवंच.

वजनाचं गणित तारकर्लीचं धरू नका. तांबडा समुद्र जास्त खारट आहे, लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास मीठ. नुसत्या खारटपणामुळे अर्धा-एक किलो जास्त लागतं, बाकीचा फरक जाड सूटचा. ७५ किलोच्या माणसाने ५ मिमी सूट आणि १२ लिटरची ॲल्युमिनियमची टाकी धरून ८ किलोपासून सुरुवात करावी. मग तपासणी अशी:

पाण्यात उभे राहा, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) तोंडात, बीसीडी पूर्ण रिकामी. नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. हे भरलेल्या टाकीवर केलंत तर वर २ किलो घाला. कारण टाकीतला दाब २०० बारवरून ५० वर येईपर्यंत १२ लिटरच्या टाकीतून १८०० लिटर हवा जाते आणि तिचं वजन सव्वादोन किलो भरतं. ॲल्युमिनियमची टाकी रिकामी होत आली की चक्क वर ओढते. ५ मीटरच्या थांब्यावर लोक बुचासारखे वर जातात ते यामुळेच, आणि नेमकं ते तेव्हा वर जायला नको असतं.

पहिल्या दिवशी पहिली डाइव्ह ही तपासणीची असते, ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. त्यातच वजन पक्कं करा आणि आकडा लिहून ठेवा.

स्वतःचा रेग्युलेटर नेणार असाल तर: तिकडच्या टाक्यांना बहुतेक डिन पद्धतीचे व्हॉल्व असतात, त्यात एक गोल घालणी बसवली की आपल्याकडचा शिकंजाचा रेग्युलेटर लागतो. घालणी षटकोनी चावीने काढ-घाल करतात. तुमचा कुठला आहे ते आदल्या दिवशी सांगा. टाक्या बोटीवर चढल्यावर मग कोणी चावी शोधत बसत नाही. हातमोजे आणि सुरी नेऊ नका, संरक्षित भागात दोन्हीला मनाई आहे. हातात मोजे असले की माणूस प्रवाळाला हात लावतोच.

अजून एक, मालवणकडे शिकलेल्यांसाठी खास. आपल्याकडे पाच-सात मीटर दिसलं तरी पाणी स्वच्छ म्हणतात, तिथे वीस-पंचवीस मीटर सहज दिसतं. त्यामुळे तळ जवळ वाटतो, खोली कळत नाही. "थोडंच खाली" म्हणून माणूस १८ चा २६ वर जातो आणि त्याला पत्ता नसतो. भिंतीलगतच्या डाइव्हवर दर मिनिटाला मनगटावरचा खोलीचा आकडा बघायची सवय लावा. हवेचं १०० बारला मार्गदर्शकाला खुणेने सांगायचं आणि ५० उरले असताना बोटीवर.

---

मुळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम उलटा केला, लक्सर आधी घेतलं. हूड आणि ५ मिमी नोंदवतो. थिसलगॉर्म सोडलं.

दोन शंका राहिल्या. बोट रद्द व्हायची शक्यता खरंच किती असते, आणि ते आदल्या दिवशी कळतं का? आणि मी पाण्यात असताना घरच्यांनी काय करावं? राहायला साहल हशीशचं हॉटेल बघितलंय, समुद्र छान दिसतो.

---

पांढरं_शीड

हुर्घाड्यात वारा जवळजवळ बारा महिने उत्तरेचा. म्हणूनच बोटी बांधायच्या दोऱ्या बहुतेक खडकांच्या दक्षिण बाजूला आहेत. नांगर प्रवाळावर पडू नये म्हणून हेप्का या स्थानिक संस्थेने (स्थापना १९९२) या कायमच्या दोऱ्या बसवल्या.

वाऱ्याचा अंदाज नॉटमध्ये बघा, मोबाइलवर कुठल्याही वाऱ्याच्या ॲपवर दिसतो. १५ च्या आत असेल तर सुखाने जाता. १५ ते २० ला बोट जाते, पण गिफ्तून बेटाच्या दक्षिणेला किंवा अबू रमादाच्या आडोशाला. २० च्या वर बोट हलते, पोटं ढवळतात, आणि फार वाढला तर बंदरच बंद करतात, मग केंद्रवाल्याच्या हातात काही नसतं. अबू नुहाससाठी मात्र १२ च्या आतला दिवस धरा, होडीतून चढ-उतार असल्यामुळे. अंदाज तीन दिवस आधीपर्यंत बऱ्यापैकी खरा ठरतो. म्हणून केंद्रात पोचल्या दिवशीच सांगून ठेवा, "शेवटच्या दोन दिवसांतला जास्त शांत दिवस अबू नुहासला द्या." वार ठरवून मागितलात तर बहुधा चुकीचा दिवस पदरात पडतो. त्या बोटीला तेवढे डायव्हर जमतात का हेही तेव्हाच विचारा, रोज जात नाही. हुर्घाड्याच्या उत्तरेच्या अल गूनाहून अबू नुहास जवळ पडतं, तिथली केंद्रं गाडी पाठवून हुर्घाड्यातून माणसं उचलतात.

पासपोर्टची प्रत आदल्या संध्याकाळीच द्या, बोटीवरच्या माणसांची यादी बंदरावर द्यावी लागते. घरचे बोटीवर येणार असतील तर त्यांचीही.

पण चौघांनी रोज बोटीवर येऊ नये. डिसेंबरात वरच्या मजल्यावर वारा झोंबतो आणि खाली डायव्हरांची ओली गर्दी असते, आजोबांना आठ तास जड जातील. एक दिवस सगळे गिफ्तूनच्या वाळूच्या किनाऱ्यावर जा, शांत वाऱ्याचा दिवस निवडून. तिथे कमरेएवढ्या पाण्यात बायकोला जाकीट घालून तोंडात नळी धरून तरंगता येईल, मासे पायाशी येतात. बाकी दिवस त्यांना किनारा, बाजार आणि काचेच्या तळाची होडी.

मुलगी ११ वर्षांची आहे, तिला ओळखीची डाइव्ह करता येते (वयाची अट १०, खोली जास्तीत जास्त १२ मीटर). केंद्राला तिची उंची-वजन आधी कळवा. लहान मापाचा ५ मिमी सूट आणि लहान चेहऱ्याचा मास्क मोजकेच असतात, आणि मोठा मास्क गळायला लागला की पोरं घाबरतात ते कायमचं. दिवसाला एकच डाइव्ह, अर्ध्या तासाच्या आत. लहान अंग लवकर गार पडतं.

वैद्यकीय प्रश्नपत्रिका सगळ्यांना भरावी लागते, ओळखीच्या डाइव्हलाही. बीपी, दमा, मधुमेह, कानाचं ऑपरेशन असल्या प्रश्नांना "हो" आलं की डॉक्टरची सही लागते. तिथे धावपळ करण्यापेक्षा तो छापील फॉर्म निघायच्या आधी घरीच भरून सही-शिक्का घेऊन जा. वडील नळी लावून तरंगणार असतील तरी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, बीपीच्या काही गोळ्यांनी दम लवकर लागतो.

आता हॉटेल. साहल हशीश सुंदर आहे, पण गावापासून १८-२० किमी दक्षिणेला. रोज सकाळ-संध्याकाळ गाडी, आणि घरच्यांना पाय मोकळे करायला गाव नाही. तुमच्या गरजेला सक्काला किंवा ममशा बरं. सक्कालात बोटींचा धक्का आणि खाण्याच्या जागा, ममशा हा चालायला सपाट लांब रस्ता, वडिलांना सोयीचा. दहार हे जुनं गाव, बाजार तिथला. एक गोष्ट मात्र माहीत असू द्या: हुर्घाडा शहराचा किनारा उथळ आणि वाळूचा आहे, ओहोटीला बरंच चालत जावं लागतं आणि किनाऱ्याहून थेट प्रवाळ क्वचितच मिळतो. ते मकादी, साहल हशीश, सोमा बे या बाजूला. म्हणून एक दिवस तिकडे जाऊन या, राहायला शहरात राहा. जेट्टीच्या टोकापलीकडे मात्र एकट्याने पोहत जाऊ नये, कोणीही. २०२२ आणि २०२३ मध्ये या किनाऱ्यावर शार्कच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत. धक्क्यावर लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, बाकीचे उतरले तरी.

बोट लागत असेल तर गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग नाही. ॲव्होमिनने झोप येते. म्हणून डायव्हिंगच्या दिवशी पहिल्यांदा घेऊ नका, घरी एकदा घेऊन बघा आणि डॉक्टरांना डाइव्हचं सांगून विचारा.

---

आमटीभात

जेवणाचं मी सांगते. तारखा तुमच्या फायद्याच्या आहेत. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांचा नाताळ ७ जानेवारीला असतो आणि त्याआधी २५ नोव्हेंबरपासून त्यांचा उपास. त्या उपासाचं जेवण म्हणजे "सियामी": मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. हा एक शब्द पाठ करा. "व्हेजिटेरियन" म्हटलं की कोंबडीच्या रश्श्यातली भाजी समोर येते, कारण त्यात तुकडे दिसत नाहीत. "अक्ल सियामी" म्हटलं की बहुतेकांना नेमकं कळतं. फक्त या उपासात बरेच दिवस मासे चालतात, म्हणून पुढे "मिन घेर समक" (मासे नको) जोडा.

गावात: कोशरी (भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची चटणी आणि तळलेला कांदा, लसणाचं पाणी वेगळं), ताअमेया (भिजवलेल्या बाकल्याच्या डाळीचे हिरवे वडे), फूल (शिजवून घोटलेला बाकला, वर तेल आणि जिरं), तळलेली वांगी. वडिलांना फूल आणि पाव सकाळी नक्की आवडेल, लिंबू पिळून. मुलुखियाची भाजी टाळा, ती बहुतेक वेळा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. ताअमेयाच्या दुकानात त्याच कढईत दुसरं काही तळतात का ते बघून घ्या.

बोटीवर एकच स्वयंपाकी आणि एकच छोटा ओटा असतो. तो पहाटे सामान घेतो, त्यामुळे जहाजावर चढून सांगितलेलं उशिराचं. आदल्या संध्याकाळी पासपोर्टची प्रत देताना तिथेच लिहून द्या: किती जण, सियामी. भात, पास्ता, कोशिंबीर, ताहिना (तिळाची चटणी) आणि वांगं हमखास मिळतं. भातात शेवया परतून घालतात, त्या कशात परतल्या ते विचारा, कधी लोणी असतं. तुम्हाला ते चालेल असं वाटतं. आपल्याबरोबर चटणीची बाटली आणि गुळपोळ्या असू द्या, पहिल्या डाइव्हनंतर गार अंगाला गोड आणि गरम चहा फार बरा वाटतो.

पाण्याच्या बाटल्या प्रत्येकी एक घरून न्या. तांबड्या समुद्राच्या प्रांतात एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर २०१९ पासून बंदी आहे.

---

सात_वाव

दोन किरकोळ गोष्टी. ड्रोन नेऊ नका, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय आणता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. आणि मुलीने किनाऱ्यावरून शंख-शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा उचलला तर परत ठेवायला सांगा, बाहेर न्यायला बंदी आहे आणि सामानाच्या तपासणीत दिसतो.

२५ ला लक्सरहून पोचलात की त्याच संध्याकाळी केंद्रात जाऊन सूट अंगावर घालून बघा. २६ ला सकाळी बोटीवर चेन अडकलेला सूट निघाला तर बदलायला काही नसतं. सर्दी असेल तर तेव्हाच सांगा. नाकात औषध मारून उतरू नका, तळाशी असताना त्याचा असर संपला तर वर येताना कान उघडत नाही.